सफ्रानबोलूतला कमी खर्चातला मुक्काम : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

तुर्कीला जाणारे आपले लोक बहुतेक वेळा इस्तंबूल, कापादोकिया आणि पामुक्काले करून परततात. अंकाराच्या उत्तरेला, काळ्या समुद्राकडे जाणाऱ्या डोंगरांत सफ्रानबोलू नावाचं गाव आहे, तिकडे फारसं कुणी वळत नाही. तेराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आगगाडी येईपर्यंत हे व्यापारी तांड्यांच्या मुक्कामाचं ठिकाण होतं. त्या व्यापाराच्या पैशातून इथे लाकूड, दगड आणि कच्च्या विटांची मोठमोठी घरं उभी राहिली. पुढे १९३७ साली शेजारच्या काराबुकमध्ये पोलादाचा कारखाना आला, नवी वस्ती तिकडे वाढली आणि जुनं गाव मोडतोडीतून वाचलं. १९९४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आज त्या जुन्या घरांपैकी कितीतरी घरांत छोटी हॉटेलं चालतात. तिथे अशा मोठ्या घराला कोनाक म्हणतात आणि घरगुती, स्वस्त निवासाला पान्सियोन. मुक्कामाचं ठिकाण हेच इथे बघायचं ठिकाण असल्यामुळे माझा सल्ला नेहमीपेक्षा उलटा आहे. खोलीवर हात आखडू नका. बचत करायची ती वार, महिना, प्रवास आणि जेवणात करा. इतर गावांत उरलेल्या पैशात हॉटेल बघायचं असतं, इथे आधी खोली ठरवायची आणि बाकीचं तिच्याभोवती बसवायचं.

आधी गावाची रचना समजून घ्या

बुकिंग करताना नवख्यांची सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. नकाशावर ‘सफ्रानबोलू’ असं एकच नाव दिसतं, पण राहण्याच्या दृष्टीने गावाचे तीन भाग आहेत. चार्शी म्हणजे घळीत वसलेला जुना बाजार: दगडी गल्ल्या, मशिदी, हमाम म्हणजे सार्वजनिक स्नानगृहं, लोहारांची आळी आणि बहुतेक जुने कोनाक याच भागात आहेत. त्याच्या वर कीरानक्योय. इथे पूर्वी ग्रीक ख्रिस्ती वस्ती होती. आता हे नेहमीसारखं तुर्की शहर आहे, बँका, सुपरमार्केट, बसकंपन्यांची ऑफिसं सगळं इथेच. तिसरा भाग बाआलार, म्हणजे द्राक्षमळ्यांचा उंचावरचा परिसर. जुन्या काळी चार्शीतली कुटुंबं हिवाळा घळीत काढायची, कारण तिथे वारा कमी लागतो, आणि उन्हाळ्यात बाआलारच्या घरी राहायला जायची.

पहिल्यांदा जात असाल तर चार्शीतच राहा. कीरानक्योयमध्ये खोली थोडी स्वस्त पडेल, पण ती कुठल्याही गावात मिळते तशी खोली असेल. शिवाय जुना भाग खालच्या बाजूला असल्याने रोज उतरायचं आणि रात्री चढून परत यायचं. दिवसभराचे पर्यटक पाचच्या सुमाराला निघून गेले की चार्शी शांत होते. ती संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ हाच या मुक्कामाचा खरा मोबदला आहे. बाआलारला राहणं सुंदर आहे, पण स्वतःची गाडी असेल तरच सोयीचं.

खोली पक्की करण्याआधी हॉटेलचा पत्ता नकाशावर टाकून जिन्जी हानपासून किती लांब आहे ते बघा. सतराव्या शतकातली ही सराई चार्शीच्या मधोमध आहे. तिथून चालत दहा मिनिटांच्या आतला पत्ता चांगला. मात्र नकाशा चढ दाखवत नाही. गल्ल्या गोट्यांच्या दगडांनी फरसबंद केलेल्या आहेत आणि त्यावर चाकांची बॅग ओढताना हात भरून येतो. पाठीवरची सॅक घेतलीत तर निम्मा त्रास वाचेल. बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील तर हॉटेलच्या दारापर्यंत टॅक्सी येते का, हे आधीच लिहून विचारा.

वार आणि महिना ठरवा

भाड्यातला सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. सफ्रानबोलूला येणारे बहुतेक पर्यटक तुर्कीचेच असतात. अंकारा तीन तासांवर असल्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी गाव भरतं आणि रविवारी दुपारनंतर रिकामं होतं. रविवारी पोचून बुधवारी निघा, किंवा सोमवार ते गुरुवार राहा. शोधताना तीच खोली आधी शनिवारची आणि मग मंगळवारची तारीख टाकून बघा म्हणजे फरक स्वतःच कळेल. मधल्या वारी तीन रात्री एकदम राहत असाल, तर मालकाला थोडं कमी करायला सांगण्यात काहीच गैर नाही. तिथे ही पद्धत आहे.

टाळायच्या तारखा म्हणजे रमजान ईद आणि बकरी ईद. तिथे दोन्हींना बायराम म्हणतात. सरकार अनेकदा या सुट्ट्या शनिवार-रविवारला जोडून देतं, त्यामुळे सगळा देश प्रवासाला निघतो आणि हॉटेलं, बस दोन्ही भरतात. दोन्ही सण दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतात, म्हणून तुमच्या वर्षाच्या तारखा बघून घ्या. २३ एप्रिल, १९ मे आणि २९ ऑक्टोबर या राष्ट्रीय सुट्ट्याही शनिवार-रविवारला चिकटून आल्या तर गर्दी होते.

मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हवेला उत्तम. मला स्वतःला ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरची सुरुवात हा काळ सगळ्यात आवडतो. गावाचं नाव ज्या केशरावरून पडलं त्याची जांभळी फुलं तेव्हा आसपासच्या शेतांत येतात. फूल पहाटे खुडतात, म्हणून ते बघायचं तर आदल्या रात्री गावातच असायला हवं. डिसेंबर ते फेब्रुवारी भाडं उतरतं, बर्फही पडतं, पण लाकडी घरात थंडी कशी वाटते याचा अंदाज असेल तरच तेव्हा जा.

व्हिसा, आणि त्यासाठीचं बुकिंग

भारतीय पासपोर्टवर तुर्कीला व्हिसा लागतो. शेंगेन देश, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंड यांपैकी कुठलाही चालू व्हिसा किंवा निवास परवाना असेल, तर एका प्रवेशाचा, एक महिन्याचा ई-व्हिसा घरबसल्या काढता येतो. जर्मनी, ब्रिटन किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा मार्ग सरळ आहे. अर्ज फक्त तुर्की सरकारच्या अधिकृत साइटवरच करा. तिच्यासारख्या दिसणाऱ्या, जास्त पैसे उकळणाऱ्या खासगी साइट बऱ्याच आहेत. अर्जाआधी त्या साइटवरच्या अटी नीट वाचा. ज्या दुसऱ्या देशाच्या व्हिसाच्या जोरावर अर्ज करता, तो नुसता इलेक्ट्रॉनिक असेल तर अडचण येऊ शकते.

असा कुठलाही व्हिसा नसेल तर व्हिसा केंद्रात कागदपत्रं देऊन पासपोर्टवर चिकटवायचा व्हिसा घ्यावा लागतो, आणि त्या कागदांत हॉटेलचं बुकिंग असतं. अशा वेळी थोडं जास्त भाडं पडलं तरी चालेल, पण विनाशुल्क रद्द करता येणारी खोलीच घ्या. ‘परतावा नाही’ असं लिहिलेलं स्वस्त भाडं व्हिसा हातात येईपर्यंत घेऊ नये.

खोली भारतातूनच ठरवा

याला एक खास कारण आहे. २०१७ मधल्या एका कोर्टाच्या आदेशामुळे बुकिंग डॉट कॉमवरून तुर्कीत बसून तुर्कीतलीच हॉटेलं बुक करता येत नाहीत. भारतातून दिसणारी यादी इस्तंबूलला उतरल्यावर अचानक दिसेनाशी होते आणि नवा माणूस गोंधळतो. आधी केलेलं बुकिंग मात्र वैध राहतं. म्हणून निघण्याआधी बुकिंग पूर्ण करा, त्याचं पान कागदावर छापून घ्या आणि हॉटेलचा फोन नंबर वहीत उतरवून ठेवा.

मी सुचवेन ती पद्धत अशी. साइटवर आपल्या बजेटातली चार-पाच ठिकाणं निवडा. मग त्यांना थेट व्हॉट्सॲपवर विचारा. छोट्या कोनाकांचे मालक व्हॉट्सॲप सहज वापरतात आणि भाषांतराच्या ॲपमधून तुर्कीत लिहिलेला संदेश त्यांना चालतो. साइटचं कमिशन वाचत असल्यामुळे थेट भाव कधी कमी मिळतो. कधी भाव तोच राहतो, पण चांगली खोली मिळते.

भाव विचारताना तो युरोत आहे की लिरात, म्हणजे तुर्की चलनात, हे लेखी घ्या. तुर्कीत महागाई भयंकर वेगाने वाढली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये वार्षिक दर ८५ टक्क्यांवर गेला होता. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या प्रवासवर्णनातले लिराचे आकडे आज निरुपयोगी आहेत, आणि म्हणूनच मीही इथे भाडी देत नाही. दुसरा प्रश्न कराचा. १ जानेवारी २०२३ पासून निवासावर २ टक्के मुक्काम-कर लागतो. तो आणि विक्रीकर, ज्याला तिथे के-दे-वे म्हणतात, सांगितलेल्या भाड्यात धरला आहे का ते विचारून घ्या.

हॉटेलऐवजी कुणाचं घर किंवा फ्लॅट थोड्या दिवसांसाठी घेत असाल, तर २०२४ च्या सुरुवातीपासून अशा घरांना सरकारी परवाना लागतो आणि त्याची पाटी दाराशी असावी लागते. परवाना क्रमांक मागा. देत नसतील तर ते घर सोडा.

हॉटेल नाही, खोली निवडा

यावर जास्त वेळ घालवा, कारण जुन्या घरात दोन खोल्या सारख्या नसतात. तळमजल्याला दगडी फरशी असते. तिथे पूर्वी धान्य, लाकूडफाटा, जनावरं असायची. आता तिथल्या खोल्या बहुतेक वेळा अंधाऱ्या आणि दमट, पण सगळ्यात स्वस्त. मधला मजला बुटका असतो, हिवाळ्यात ऊब धरून ठेवण्यासाठी मुद्दाम तसा बांधलेला. वरचा मजला उंच छताचा, कोरीव लाकडी तक्तपोशीचा आणि गल्लीवर पुढे आलेल्या खिडक्यांचा. आपल्याकडे वाड्याच्या दिवाणखान्याला जो मान, तोच तिथे वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीला. दोन रात्रींच्या भाड्यात तिथली एक रात्र येत असेल, तरी निदान एक रात्र तिथे काढा असं मी मनापासून सांगेन.

फोटोंमध्ये न्हाणीघर नीट शोधा. उस्मानी, म्हणजे ऑटोमन काळातल्या घरांत अंघोळीची जागा भिंतीतल्या लाकडी कपाटात असायची. तिला गुसुलहाने म्हणतात. कपाटाचं दार उघडलं की आत एका माणसापुरती मोरी. अनेक हॉटेलांनी याच कपाटात शॉवर आणि कमोड बसवले आहेत. त्यात वावरताना मौज वाटते, पण जागा फार कमी, उंबरा उंच आणि दार बुटकं. गुडघेदुखी असेल किंवा अंगाने थोराड असाल, तर ‘न्हाणीघर कपाटात आहे की वेगळं आहे?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. काही स्वस्त पान्सियोनमध्ये ते बाहेर, सामायिक असतं. कमोडमध्ये पाण्याची बारीक तोटी बहुतेक सगळीकडे असते, त्यामुळे आपल्या सवयीची अडचण होत नाही. कागद मात्र शेजारच्या डब्यात टाकायचा, कारण जुने पाइप अरुंद असतात.

आणखी काही गोष्टी लिहून विचाराव्यात. खोली कितव्या मजल्यावर आहे आणि जिना किती उभा आहे, कारण लिफ्ट जवळपास कुठेच नसते. पलंग आहे की जमिनीवर गादी. ऑक्टोबर ते एप्रिल दरम्यान जात असाल, तर खोलीत कालोरिफेर आहे का. म्हणजे भिंतीला लावलेला गरम पाण्याचा हीटर. गरम पाणी दिवसभर येतं की ठरावीक वेळी. लाकडी तक्त्यांची जमीन करकरते आणि वरच्या मजल्यावरची पावलं खाली ऐकू येतात. झोप सावध असेल तर वरचा मजला मागा आणि कानात घालायचे बोळे बरोबर ठेवा.

दारात बूट काढायचे. हॉटेल सपाता देतं, पण आपल्या असलेल्या बऱ्या. पोचल्यावर पासपोर्ट मागतील. प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांकडे पाठवणं हॉटेलवर कायद्याने बंधनकारक आहे. माहिती उतरवून घेतली की पासपोर्ट परत मागून घ्या.

गावापर्यंत पोचणं

मुंबईहून इस्तंबूल, आणि तिथून बसने साधारण ४०० किलोमीटर, सहा ते सात तास. दुसरा मार्ग मला जास्त पटतो. इस्तंबूलहून जलद रेल्वेने अंकारा, तिथे एक दिवस संग्रहालयं बघून आश्ती या मोठ्या बसस्थानकावरून सफ्रानबोलूची बस, सुमारे तीन तास. रात्रीच्या बसने एका मुक्कामाचं भाडं वाचतं हे खरं, पण गाडी पहाटेच गावात सोडते आणि खोली दुपारी दोनपर्यंत मिळत नाही. तो दिवस थकव्यात जातो, म्हणून मी ती बचत करत नाही.

तिकीट घेताना पासपोर्ट क्रमांक आणि स्त्री की पुरुष हे विचारतात. अनोळखी स्त्री-पुरुषांना शेजारी बसवत नाहीत. एकट्या प्रवास करणाऱ्या बाईला याचा फायदाच होतो. पती-पत्नींनी दोन्ही तिकिटं एकदमच काढावीत. बस थेट सफ्रानबोलूला जाते की काराबुकला थांबते ते नीट विचारा. काराबुकहून दहाएक किलोमीटर पुढे मिनीबसने यावं लागतं. सफ्रानबोलूच्या बसस्थानकावरून बसकंपनीची छोटी गाडी अनेकदा कीरानक्योयपर्यंत फुकट सोडते. तिला सेर्विस म्हणतात. तिथून खाली चार्शीपर्यंत दोनेक किलोमीटर, मिनीबस किंवा टॅक्सी.

पैसे, वीज, फोन

रुपे कार्डावर विसंबू नका. व्हिसा किंवा मास्टरकार्ड घ्या आणि बँकेच्या ॲपमधून परदेशी व्यवहार चालू करून निघा. एटीएमवर किंवा दुकानात ‘रुपयांत घ्यायचं की लिरात?’ असं विचारलं, तर नेहमी लिरा निवडा. रुपये निवडले की यंत्र स्वतःचा महागडा दर लावतं. एटीएमचं शुल्क पैसे निघण्याआधी पडद्यावर दिसतं. ते जास्त वाटलं तर रद्द करून शेजारच्या बँकेचं यंत्र बघा. सरकारी झिराअत बँकेपासून सुरुवात करा. यंत्रं कीरानक्योयमध्ये जास्त आहेत, म्हणून खाली उतरण्याआधीच रोख काढा. छोट्या पान्सियोनला रोख आवडते.

प्लग दोन गोल पिनांचा, २३० व्होल्टचा. आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही, ॲडॅप्टर घ्या. जुन्या घरात सॉकेट मोजकेच असतात, सोबत छोटा एक्स्टेंशन बोर्ड असला तर घरच्या सगळ्यांची भांडणं टळतात. फोनचं ई-सिम भारतातूनच घालून निघा.

खाणं, विशेषतः शाकाहारी लोकांसाठी

भाड्यात काहवाल्ती, म्हणजे सकाळची न्याहारी, धरलेली असावी हा आग्रह धरा. ऑलिव्ह, दोन-तीन प्रकारचं चीज, टोमॅटो-काकडी, मुरांबे, मध, अंडी, ताजा पाव आणि मागाल तितका चहा. साडेनऊला हे निवांत खाल्लं की दुपारी सूप किंवा एखादं फळ पुरतं आणि एका जेवणाचा खर्च वाचतो. इथली न्याहारी शाकाहारी माणसालाही भरपूर होते. फक्त सॉसेजसारखे काप आले तर ते बाजूला ठेवायचे.

रात्रीच्या जेवणाला जपावं लागतं. मसुराचं सूप आणि भात दिसायला शाकाहारी असतात, पण कित्येकदा मांसाच्या किंवा कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेले असतात. नुसतं ‘एत्सिझ’, म्हणजे मांसाशिवाय, म्हटलं तर काही जण कोंबडी चालेल असं समजतात. म्हणून तावुक म्हणजे कोंबडी आणि बालिक म्हणजे मासा, हेही नको असं सांगा. पालक किंवा चीज घातलेलं ग्योझलेमे (तव्यावर भाजलेली भरली पोळी), चीजची पिदे (भट्टीत भाजलेला लांबट पाव) आणि ऑलिव्ह तेलातल्या थंड भाज्या भरवशाच्या. गावची खासियत बुकमे: पातळ पारीत सारण भरून भाजतात. पालकाबरोबर त्यात खिमाही असतो, विचारूनच घ्या. मांसाहारी असाल तर खड्ड्यात भाजलेलं बोकड किंवा मेंढीचं मटण, क्युयू केबाबी, एकदा खाण्यासारखं आहे. चार्शीच्या चौकातल्या उपाहारगृहांपेक्षा कीरानक्योयमधली, कामगार-दुकानदार जेवतात ती लोकान्ता, म्हणजे साधी खाणावळ, स्वस्त. तिथे भांडी समोर मांडलेली असतात, बोट दाखवून घेता येतं.

खोलीत स्वयंपाक चालत नाही. किटली आहे का ते विचारा. असेल तर घरून नेलेली पोहे-उपम्याची पाकिटं एखाद्या रात्री कामाला येतात.

केशर घेताना ते ग्रॅमवर मिळतं आणि महागच असतं हे ध्यानात ठेवा. स्वस्तात मूठभर ‘केशर’ मिळत असेल तर त्या बहुधा करडईच्या पाकळ्या असतात. त्यापेक्षा केशर घातलेलं लोकुम, म्हणजे मऊ तुर्की मिठाई, घ्यावं. दुकानदार आधी चव द्यायला तयार असतात.

दिवस कसे घालवावेत

बघण्याचा खर्च इथे फार नाही. हिदिरलिक टेकडीवरून अख्खं गाव दिसतं, सकाळी नऊच्या आत जा. कायमाकामलार एवी या जुन्या घराच्या संग्रहालयात खोल्यांची मूळ मांडणी दिसते. ते पहिल्याच दिवशी बघितलंत तर आपण राहतो त्या खोलीतलं कपाट, भिंतीलगतची बैठक सगळं उलगडतं. क्योप्रुलू मेहमेत पाशा मशिदीशेजारच्या आरास्तामध्ये, म्हणजे जुन्या बाजारपेठेत, पूर्वी जोडे शिवणाऱ्यांची दुकानं होती, आता तिथे चहा प्यावा. थोडं पुढे लोहारआळीत अजून काम चालतं. जुन्या जिन्जी हमाममध्ये अंगाची मालिश नको असेल तर नुसतं स्नानही घेता येतं. भाव आत जाण्याआधी ठरवा.

गावाबाहेर इंजेकाया हा दरीवरचा जुना जलसेतू आणि योर्युक क्योयू हे जुन्या घरांचं छोटं खेडं आहे. तिकडे जाणाऱ्या मिनीबस कमी, म्हणून हॉटेलातल्या आणखी एखाद्या कुटुंबाला विचारून टॅक्सी वाटून घ्या. तिसरा दिवस असेल तर काळ्या समुद्रावरचं अमासरा बार्तिनमार्गे एका दिवसात करून येता येतं. त्यासाठी सकाळी लवकर निघा आणि परतीची शेवटची गाडी कधी आहे ते बार्तिनमध्ये उतरल्याबरोबर विचारा.

निघायच्या आदल्या दिवशी कीरानक्योयमध्ये जाऊन परतीचं तिकीट काढा, विशेषतः रविवारी निघत असाल तर, कारण दुपारनंतरच्या अंकाराच्या गाड्या भरलेल्या असतात. खोली बाराच्या सुमारास सोडावी लागते. सामान हॉटेलात ठेवून संध्याकाळपर्यंत फिरायला कुणीही नाही म्हणत नाही. आणि तिकीट काढतानाच विचारून घ्या की बसस्थानकापर्यंतची सेर्विस गाडी किती वाजता आणि नेमकी कुठून सुटते.